दुसरा तुकडा

उस्तादांनी भरलेला सोफा वर्षानुवर्षं बसत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. फोम कापायचा, कापड ताणायचं, खिळे ठोकायचे, हेच काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केलं. एकदा टेम्पोत सोफा चढवताना तोल गेला, ते पाठीवर पडले आणि मणका मोडला. कमरेखालचं अंग कायमचं बधिर झालं. तरी माणूस खचला नाही. चाकाची खुर्ची आणली, तिच्यावर स्वतः शिवलेली उशी टाकली आणि उस्ताद पुन्हा दुकानात बसू लागले, तेही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, जागचे न हलता.

बायको आधीच गेली होती. घरात ते आणि त्यांची लेक. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. एके दिवशी झाडताना तिला कपाटामागे त्या उशीच्या खोळी सापडल्या, बोळा करून कोंबलेल्या. मधोमध पिवळट, तपकिरी डाग.

"तेल सांडलंय," उस्ताद म्हणाले.

"तेलाला असा वास येत नाही, बाबा."

दवाखान्यात सर्जनबाईंनी त्यांना पालथं झोपवून तपासलं. बसताना जे हाड खाली टेकतं, बरोबर त्याच्यावर जखम होती. वरून शर्टाच्या बटणाएवढी, आत मात्र वाटीएवढी पोकळ.

"हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये मांस चिरडत राहिलं," बाई म्हणाल्या. "दाबामुळे तिथं रक्तच पोचलं नाही. दुखत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नसेल."

"कळलं होतं त्यांना," लेक म्हणाली.

उस्तादांनी मान भिंतीकडे वळवली.

बाईंनी काळं पडलेलं मांस कापून काढलं. हाडापर्यंत जंतू पोचले नव्हते, एवढंच नशीब. मग त्यांना घरी पाठवलं ते एका मशीनसकट. एक सिस्टर दिवसाआड येऊन जखमेची पट्टी बदलायची. ती आधी जखम धुवायची, मग तिच्या आकाराचा काळा फोम कापून आत बसवायची. वरून पारदर्शक चिकट पडदा लावायची, त्याला भोक पाडून नळी जोडायची आणि मशीनचं बटण दाबायची. हवा खेचली गेली की फुगलेला फोम मनुकेसारखा आक्रसायचा.

"जखमेतलं घाण पाणी नळीतून डब्यात जातं," सिस्टरनं पहिल्याच दिवशी लेकीला समजावलं. "कडा आत ओढल्या जातात, रक्त खेळतं, तळातून नवं मांस धरतं. आणि जखम उघडी ठेवून वाळवायची नाही. नवं मांस ओलाव्यातच वाढतं."

"आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली फोम घातला," उस्ताद उशीत तोंड खुपसून म्हणाले, "आता माझ्याच बुडात घाला."

सिस्टर हसली. लेकीलाही हसू आलं, पण तिनं ते बाहेरच्या खोलीत ऐकलं होतं. पट्टी बदलताना तिनं आत यायचं नाही, अशी उस्तादांची सक्त ताकीद होती. "हिलाही शिकू द्या, अडीअडचणीला उपयोगी पडेल," असं सिस्टरनं किती वेळा सांगून पाहिलं. तेव्हा उस्तादांचं एकच उत्तर असायचं, "लेकीनं बापाला असं बघायचं नसतं."

खाण्यात अंडी, दूध वाढलं. सिगारेट सुटली. फक्त एक गोष्ट त्यांच्याच्यानं होईना, ती म्हणजे न बसणं.

एका सुट्टीच्या दुपारी लेक एका लग्नाहून परतली तर घर गप्प होतं. मशीनची घरघर नव्हती. उस्ताद पलंगावर होते, पण खुर्ची दाराजवळ आली होती आणि तिच्यावर कापडाचे कातरे पडले होते.

"बसला होतात?"

"जरा वेळ. एक काम अडलं होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "ते मशीन सारखं बोंबलत होतं, म्हणून बंद केलं."

"कधी?"

"तू गेलीस तेव्हाच."

तिनं सिस्टरला फोन लावला. सिस्टर परगावी निघाली होती, संध्याकाळपर्यंत यायची नाही.

"मग थांबू नकोस," सिस्टर म्हणाली. "मशीन इतका वेळ बंद असलं तर फोम आत ठेवायचाच नाही. पाणी तुंबतं, जंतूंना आयतं घर मिळतं. हात धू, हातमोजे घाल. मी फोनवर आहे."

"बाबा, कुशीवर व्हा."

"संध्याकाळपर्यंत काही मरत नाही मी. बाहेर जा तू."

"तुमची लाज सांभाळता सांभाळता तुम्हालाच गमावून बसेन मी!" ती ओरडली. इतक्या वर्षांत बापावर तिचा आवाज कधी चढला नव्हता.

दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून उस्ताद भिंतीकडे वळले.

पडद्याची एक कड सुटलीच होती. तिनं तो हळूहळू सोलून काढला. वर सिस्टरनं पेनानं आकडा घातला होता, दोन. म्हणजे आत फोमचे दोन तुकडे होते. एक सहज निघाला. दुसरा दिसेना.

"सापडल्याशिवाय सोडू नकोस," फोनमधून सिस्टर म्हणाली. "राहिलेला तुकडा मांसात रुतून बसतो. वरच्या अंगाला आत एक खिसा आहे, तिथं बघ."

तिनं टॉर्च धरली. लाल मांसाच्या आड काळी कड दिसली. चिमट्यानं धरली तर सुटेना. "सुटत नाहीये," ती म्हणाली.

"ओढू नकोस," भिंतीकडून आवाज आला. "चिकटलेला फोम ओढला की फाटतो. भिजव, आणि दम धर."

"अगदी बरोबर," सिस्टर म्हणाली. "सलाईन सोड थेंब थेंब."

ती थेंब सोडत राहिली. मग तुकडा सैल झाला आणि अख्खा बाहेर आला. तिनं तो ट्रेमध्ये ठेवला, कुठं फाटलाय का ते उलटसुलट करून पाहिलं, आणि ओल्या गॉजनं जखम झाकायला घेतली.

"थांब," उस्ताद म्हणाले. "केवढी आहे ते मला बघू दे. फोटो काढ."

त्यांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. ती जखम त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"लाल आहे म्हणजे चांगलं," लेक म्हणाली. "आधी काळं होतं."

"आणि आज मी ह्याच्यावर बसलो." त्यांनी फोन परत दिला आणि तोंडावर हात घेतला. खांदे हलत होते. तिनं गॉज लावलं, चादर नीट केली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

संध्याकाळी सिस्टर आली, तिनं नवा फोम बसवला. लेक शेजारीच उभी होती. तिला बाहेर जा म्हणून कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी दुकानाच्या किल्ल्या आपल्या जुन्या कारागिराकडे पाठवल्या.

जखम तळातून भरत आली. मशीन गेलं, साध्या पट्ट्या आल्या, शेवटी वर पातळ, चकचकीत कातडी धरली. "ही पहिल्यासारखी मजबूत कधीच होणार नाही," सर्जनबाईंनी बजावलं. "बसायचं ते बेतानं, मधूनमधून अंग उचलून. आणि जागा रोज बघायची. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर जखम पुन्हा होतेय समजायचं." उस्तादांनी लांब दांड्याचा आरसा मागवून घेतला.

पुढं लेकीची दुसऱ्या गावच्या दुकानात बदली झाली. उस्तादांसाठी दिवसभराची एक बाई ठेवून, जाऊ की नको करत ती गेली. रोज सकाळी ती फोन करायची, आणि ते आरशात बघून रंग सांगायचे. बहुतेक वेळा कालच्यासारखाच असायचा.

एका सकाळी तिच्या आधी त्यांचाच फोन आला.

"जरा लालसर वाटतंय गं," ते म्हणाले. "दाबून बघितलं, लाली जात नाही. आज खुर्चीत बसत नाही. सिस्टरला बोलावलंय."

"बरं केलंत, बाबा," ती म्हणाली. फोन तसाच कानाशी धरून ती दुकानाच्या पायरीवर बसली, आणि पलीकडे पालथे होताना त्यांना लागलेली धाप ऐकत राहिली.