तांडेलाचा अध्याय

“जसं हाय तसं वाच, अंजना. गाळू नको, पदरचं घालू नको.”

लाल फडक्याच्या गाठीवर बोट टेकलं की नवऱ्याचा हा आवाज येतोच. गाठ तिनेच मारलेली, वर्षापूर्वी, आणि तिच्यावर हळदीचा एक डाग आहे तोही तिचाच... देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर दोन गाठोडी शेजारी शेजारी. एकात पोथी, दुसऱ्यात ही कादंबरी. पुठ्ठा गेलेली, लेखकाच्या नावाचं पान गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. कुण्या परदेशी माणसाने लिहिलेली अचाट प्रवासाची गोष्ट, जुन्या मराठीत आणलेली. प्रस्तावनेचं अर्धं पान उरलं होतं, त्यात एवढंच होतं की हा लेखक स्वतः फारसा कुठे गेलाच नाही, खिडकीशी नकाशे मांडून बसायचा आणि जहाजं हाकायचा. ते वाचल्यावर हे खूप हसले होते. “म्हंजी माझ्यासारखाच की! मी आयुष्यभर दौंडला गाड्यांना झेंडी दाखवली, गेलो कुठं? ह्या न्हावऱ्याला, ह्या खाटंवर.”

साखरेने डोळे गेले तेव्हापासून ती रोज दुपारी त्यांना वाचून दाखवायची. पुस्तक मल्हारीभावजींचं, ह्यांच्या दौंडच्या मित्राचं, तिथूनच आणलेलं. मी कधी वाचलं न्हाई, ड्यूटीत कुठला येळ, असं हे म्हणाले होते. आणि तिला वाचायची एकच रीत ठाऊक होती — हात धुऊन, पाट मांडून, समई लावून, दिवसाला एक अध्याय. पोथीचा अध्याय कधी अशुभावर थांबवायचा नाही, ही आईची शिकवण. मरणावर पोथी मिटली तर ते मरण घरात राहतं. म्हणून बर्फाच्या समुद्रात जहाज अडकलं, आणि अध्यायाच्या शेवटच्या ओळीला म्हातारा तांडेल, खलाशांचा मुकादम, फटीत पडून गेला, तेव्हा तिची जीभ अडली. समोर खाटेवर हे, उशीला टेकून, श्वास ओढत... तिने पान मिटलं आणि म्हणाली, “तेवढ्यात दोर टाकला, आणि तांडेलाला वर ओढून घेतलं.”

“बरं झालं बाई,” हे म्हणाले. त्यांचे ओठ थरथरले होते. तिला वाटलं, धाप.

एक खोटं झाकायला रोज नवं लागतं. पुढच्या पानांत तांडेल नव्हता आणि हे रोज विचारायचे, तांडेल काय करतोय गं आज? मग तिने त्याला चुलीपाशी बसवलं, भाकरी थापायला लावली, बर्फाला भोक पाडून मासे धरायला लावलं — जिने साधी मासळी कधी शिजवली नाही, ती समुद्रात गळ टाकत होती! एकदा त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर हे म्हणाले, लाव की टाका. तिने लावला. पुरा एक महिना. मग शेवटचा एकच अध्याय राहिला आणि त्या संध्याकाळी ह्यांनी तिचा हात धरला. “राहिला तर मल्हारीला वाचून दाखव. दौंडला जाऊन. पर जसा हाय तसा. कबूल?” ती कबूल म्हणाली. पहाटे खाटेवर हे होते आणि नव्हते.

आणि आज, वर्षाने, फोन वाजला. तिचं मौन अजून सुटलेलं नव्हतं. पोथी वाचून झाली होती, पण तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती बोलत नाही. तिने फोन उचलला आणि त्यावर नखाने टिचकी मारली.

“मौन चाललंय व्हय, वहिनी? ऱ्हाऊ द्या, मीच बोलतो. जल्मात पयल्यांदा मला कुणी मधी तोडत न्हाई.” मल्हारीभावजी स्वतःच हसले. “सोमवारी डाव्या डोळ्याचं आप्रेशन हाय. त्याच्या आत येता का पुस्तक घिऊन? रोहिदासनं त्या सांच्याला फोनवर सांगितलंवतं, शेवट वहिनी वाचंल. वरीस झालं की वो... का त्यो अजून ऐकतोय?”

टिचकी मारावी की नाही तिला कळेना.

“आज उपास असंल तुमचा. भगर करून ठिवतो. खारट झाली तर नावं ठिवू नका.” फोन बंद झाला.

वर्षभर ती कारणं काढत आली. आधी सूतक, मग चातुर्मास, मग गुडघा. व्रत असलं की कुणी कारण विचारत नाही. तिने गाठ सोडली. शेवटचा अध्याय छोटा होता. जहाज बंदराला लागतं, धक्क्यावर बायका उभ्या असतात, आणि कप्तान न परतलेल्यांची नावं एकेक करून वाचतो. तिसरं नाव तांडेलाचं. आपण त्याला मासे धरायला लावले तरी तो ह्या यादीत होताच... इथेच तिने पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, आणि त्यावर निळ्या पेन्सिलीने, रेल्वेत मिळायची तशी, उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं : दुसऱ्यांदा वाचून पूर्ण. दौंड. जानेवारी १९८४. तांडेल जातो तिथे याही वेळी रडलो. — रोहिदास.

अक्षर ह्यांचं होतं.

म्हणजे पहिल्याच दिवशी... दोर टाकला असं आपण म्हटलं तेव्हाच ह्यांना कळलं होतं... आणि तरी रोज विचारायचे. टाका लाव म्हणायचे. तिला वाटत होतं ती त्यांना मरणापासून लपवतेय, आणि हे आंधळ्या डोळ्यांनी तिचं लपवणं सांभाळत बसले होते. राग यावा की लाज, हे ठरेना. त्याऐवजी एकदम घर फार मोठं झालं. तो तांडेल — भाकरी थापणारा, बटण तुटलेला — जगात दोघांनाच माहीत होता. आता एकटीला.

तिने अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा, हा चाळीस वर्षांचा नेम. ओठ हलले, पण ते नाव आलं नाही.

“तांडेल गेला,” ती म्हणाली. हळू. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने, जसं वाचायचं तसं. “आणि हे गेले.”

शेजारच्या गोठ्यात म्हैस तेवढी हलली.

तिने पुस्तक पुन्हा लाल फडक्यात घातलं, पण ह्या खेपेला गाठ मारली नाही, नुसतं गुंडाळून पिशवीत ठेवलं. समईत तेल होतं तेवढं राहू दिलं. दाराला कडी घातली, पिशवी छातीशी धरली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली. तिसऱ्या नावापाशी आवाज टिकेल की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं.