रुचिरचं बोरन्हाण

रविवारी सकाळी सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये जाई काळ्या फ्रॉकवर हलव्याचे दाणे टाचत बसली होती. फ्रॉक अवनीचा, तिच्या तीन वर्षांच्या लेकीचा. बोरन्हाण होतं ते जाईची मैत्रीण नीता हिच्या रुचिरचं, पण अवनीने 'मलापण दागिने' म्हणून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. आज मात्र ती सोफ्यावर गप्प पडली होती. नाक वाहत होतं, डोळे लाल होते, अंग कढत.

"ममा, सो हॉट लाह," ती सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.

"सारंग, हिला नको न्यायला. ताप आहे," जाई नवऱ्याला म्हणाली.

"एअरकॉनची सर्दी आहे. पुण्याहून आलं की होतंच. सिरप दे थोडं."

"मग नीताला निदान सांगते, हिला लस दिलेली नाही म्हणून. तिचं बाळ लहान आहे."

आता सारंगने लॅपटॉपमधून मान वर काढली. "काही गरज नाही. आपलं मूल, आपला निर्णय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सारंग काही अडाणी नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता. त्याच्या भावाचा मुलगा अमेय लस दिल्यानंतर दोन दिवसांत झटके येऊन गेला होता. मेंदूचा वेगळाच आजार होता, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. पण ज्याने मांडीवरचं मूल जाताना पाहिलं, त्याला ते कसं पटावं? सिंगापुरात गोवर आणि घटसर्पाची लस कायद्याने सक्तीची. आठवणीचे निरोप आले की सारंग 'पुण्याला गेलो की देऊ' असं कळवून वेळ मारून नेई. माझ्या लेकीच्या अंगात काय टोचायचं ते सरकार कोण ठरवणार, हा त्याचा सवाल होता. सवाल वावगा नाही. पण तो विचारताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःचंच घर असे. आणि जाई? तिला हे पटत नव्हतं, पण घरात वाद नको म्हणून ती गप्प बसे. आपल्याकडे या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणतात!

तिने सिरप पाजलं आणि अवनीला फ्रॉक घातला.

मरीन परेडला नीताच्या काँडोतला हॉल बायका-मुलांनी भरला होता. नीताचा नवरा प्रबोध बोटीवर इंजिनीअर; तो व्हिडिओ कॉलवरून लेकाचं कौतुक पाहत होता. पाटावर दहा महिन्यांचा रुचिर, डोक्यावर हलव्याचा मुकुट. कुरमुरे, बोरं, गोळ्या त्याच्या डोक्यावरून ओतल्या आणि पोरं तुटून पडली. सिरपने तरतरीत झालेली अवनी सगळ्यांत पुढे. तिने रुचिरच्या मांडीतली गोळी उचलली, त्याच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. बायका हसल्या.

"अगं, अवनीचे डोळे किती लाल झालेत!" नीता म्हणाली. "बरी आहे ना?"

जाईच्या बाळंतपणात याच नीताने डिंकाचे लाडू करून डबा घरपोच आणला होता.

"झोप नाही झाली तिची," जाई म्हणाली आणि तिळगूळ घेतला.

मंगळवारी अवनीच्या कानांमागे पुरळ उठलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. गोवराचीच शंका होती. आरोग्य खात्याला कळवणं त्यांचं कामच होतं. मग त्यांनी विचारलं, एवढ्यात एखाद्या तान्ह्या बाळाजवळ होती का ही? वर्षाच्या आतल्या बाळांना अजून लस मिळालेली नसते. आजच्या आज कळलं तर संरक्षक इंजेक्शन देता येईल, उशीर झाला तर नाही.

टॅक्सीत सारंग हळू आवाजात म्हणाला, "खात्याचे लोक कळवतील. त्यांचं काम आहे. तू मध्ये पडू नकोस."

"आणि त्यांना उशीर झाला तर?"

"जाई, लोक आपल्याला वाळीत टाकतील."

तिने नीताला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि मग हळदीकुंकवाच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं: अवनीला गोवर असावा. तिला लस दिलेली नव्हती. मला ताप ठाऊक होता, तरी मी तिला आणलं. बाळांना आजच डॉक्टरकडे न्या.

"डिलीट कर ते!" सारंग ओरडला.

"नाही करणार."

रुचिरला इंजेक्शन वेळेत मिळालं, तरी गोवर निघालाच, आणि छातीत उतरला. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या बाळाशेजारी नीता एकटीच बसून होती. प्रबोध भर समुद्रात. जाईने पाठवलेला जेवणाचा डबा वॉर्डच्या दारावरून तसाच परत आला. इंजेक्शन मिळालं नसतं तर मूल हाती लागलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं जाईला ग्रुपमधूनच कळलं. रुचिर घरी आला त्या संध्याकाळी नीताचा फोन आला.

"तू सांगितलंस म्हणून वाचला, हे मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण मी तुला विचारलं होतं ना गं? डोळे लाल का, म्हणून?"

"हो."

नीताने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

अवनी पुरती बरी झाल्यावर जाईने तिला बूट घातले. बाकीच्या लशी राहिल्या होत्या. सारंग दारात उभा राहिला.

"मला न विचारता नेतेस? मी बाप आहे तिचा."

"विचारतेय. चल तूही."

"आणि अमेय?"

"अमेयसाठी मीही रडलेय, सारंग. अजून रडते. पण रुचिरला गोवर दिला, तेव्हा नीताला विचारलं होतं आपण?"

अवनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. जाईने तिला कडेवर घेतलं आणि पाऊल पुढे टाकलं. तो दारातून बाजूला झाला.