सात सेकंद उशिरा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला बघून हसू नका. मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. जुना तर जुना, पण मुका नाही! माझं चामड्याचं कव्हर कोपऱ्यांवर फाटलंय, एरियल अर्ध्यावर मोडलीय आणि पाठीमागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय. तरी दोन सेल घाला, बाजूचं चाक फिरवा, मी लगेच बोलायला लागतो. तुमच्या फोनसारखे माझे रोज चार्जिंगचे लाड करावे लागत नाहीत.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. १९७१ साली पुरुषोत्तम देवस्थळी नावाच्या तरुण इंजिनिअरने मला विकत घेतलं. त्या काळी माझ्यासाठी पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं, एवढा माझा मान! मुंबईला कसोटी सामना असला की ते मला घेऊन थेट मैदानात जायचे. तुम्ही विचाराल, समोर खेळ दिसतोय तर रेडिओ कशाला? अहो, आपल्याकडच्या माणसाची रीतच तशी. डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा कोणी कानात सांगितल्याशिवाय त्याला खरं वाटत नाही. आजूबाजूचे वीस जण माझ्याकडे कान लावून बसायचे. मी कॉलर ताठ करून बोलायचो.

१९७४ साली पुरुषोत्तमरावांना वूस्टरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी त्यांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून अमेरिकेत आलो. वर्षभराने त्यांच्या पत्नी शोभाताई आल्या. थोड्या वर्षांनी शेजारच्या श्रूजबरीत घर झालं, राजीवचा जन्म झाला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पुरुषोत्तमराव पोळीभाजीचा डबा उघडायचे आणि मला लावायचे. माझ्यातून बेसबॉलची कॉमेंट्री यायची. पहिले दोन महिने त्यांना ओ की ठो कळलं नाही. मग एक दिवस ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "अरे, हा तर नुसता फुलटॉसचा खेळ आहे!" त्या दिवसापासून त्यांना बेसबॉलचं वेड लागलं. आमच्या आवडत्या संघाचं मैदान तेव्हा शेजारच्या राज्यात होतं. ते मैदान जुनाट होतं, तिथे खांबाआड बसावं लागायचं आणि बाकं टोचायची, पण दर उन्हाळ्यात आमची वारी चुकायची नाही. अर्थात मीही असायचोच.

पुढे घरात नवनवी यंत्रं आली आणि मी तळघरात गेलो, मोडक्या स्कीच्या शेजारी. तिथे पंधरा वर्षं कोणी माझी विचारपूस केली नाही. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. मग २००८च्या डिसेंबरात बर्फाचं मोठं वादळ झालं, सगळ्या गावाची वीज गेली, आणि पुरुषोत्तमराव टॉर्च घेऊन मला शोधत आले. चार दिवस त्या घरात फक्त मी बोलत होतो. "बघ," ते शोभाताईंना म्हणाले, "शेवटी आपला जुना गडीच उपयोगी पडला." तेव्हापासून मी त्यांच्या उशाशीच आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. आमचा संघ जुनं मैदान सोडून वूस्टरला आला. जिथे पुरुषोत्तमरावांचा कारखाना होता, त्याच भागात नवंकोरं मैदान उभं राहिलं. घरापासून पंधरा मिनिटांवर! पहिल्या वर्षी आम्ही चार वेळा गेलो. दुसऱ्या वर्षी एकदा. त्यानंतर एकदाही नाही.

सामन्याआधी माझ्यावर एक कार्यक्रम लागतो. लोक फोन करून नव्या मैदानाबद्दल आपापली मतं सांगतात. कोणी म्हणतं, पार्किंगची बोंब आहे. कोणी म्हणतं, जुन्या मैदानाची मजा नाही. कोणी म्हणतं, आजूबाजूला नुसत्या उंच इमारती आणि बीअरची दुकानं झालीत, जुने भाडेकरू पार देशोधडीला लागले. चांगलं बोलणारेही पुष्कळ असतात. एक आजी दर आठवड्याला सांगतात की त्या मैदानामागच्या गल्लीत पूर्वी दिवसासुद्धा चालायला घाबरायच्या, आता नातवंडांना घेऊन आइस्क्रीम खायला जातात. पण पुरुषोत्तमराव तेवढ्या तक्रारी उचलायचे आणि शोभाताईंना ऐकवायचे.

"अहो, शनिवारी मॅच आहे. जाऊ या का?"

"नको गं. पार्किंगला जागा मिळत नाही. आणि त्या मैदानाला काही जीव नाही."

शोभाताईंना ते पटायचं. मला पटायचं नाही, कारण खरं कारण फक्त मलाच ठाऊक होतं. पुरुषोत्तमरावांना चेंडू दिसत नव्हता. चेंडूच काय, समोरच्याचा चेहरासुद्धा धुरकट दिसत होता. माझ्या काट्याखालचे आकडे दिसेनात, तेव्हा त्यांनी माझ्या चाकावर गोंदाने तांदळाचा एक दाणा चिकटवला. तो बोटाला लागला की स्टेशन आलं. गाडी चालवणं त्यांनी 'आता ट्रॅफिक फार वाढलंय' म्हणून सोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केली.

त्यांना भीती होती, मित्रांनो, आणि ती साधीसुधी नव्हती. वाईला त्यांच्या वडिलांना, अण्णांना, काचबिंदू झाला होता. शेवटची नऊ वर्षं त्यांना हात धरून अंगणात न्यावं लागायचं. आपलंही तेच होणार, हे पुरुषोत्तमरावांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यात राजीव दूर अ‍ॅशबर्नला राहतो आणि दर फोनला म्हणतो, "बाबा, तिकडे तुम्ही दोघंच. काही झालं तर? घर विकू या, इकडे चला. आमचं बेसमेंट रिकामंच आहे." फोन ठेवला की पुरुषोत्तमराव धुमसायचे. "बेसमेंटमध्ये ठेवायला मी काय गव्हाची कोठी आहे?" डोळ्यांचं कळलं तर आपलं घर जाणार, पंचेचाळीस वर्षांचं, शोभाताईंच्या बागेसकट, या धास्तीने ते गप्प होते. मी तळघरात पंधरा वर्षं काढलीत. मला त्यांची भीती चांगलीच कळत होती.

मागच्या जुलैत त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माणसाने ऐंशी वर्षं आणि वर काही महिने पाहिले, म्हणजे हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिले, असा आपल्याकडचा हिशेब. सकाळी घरी पूजा झाली, शोभाताईंनी औक्षण केलं. राजीव आणि त्याची बारा वर्षांची मुलगी सई अ‍ॅशबर्नहून आले होते. जेवणं झाल्यावर राजीव म्हणाला, "बाबा, सरप्राइज! संध्याकाळच्या मॅचची तिकिटं काढलीत. पहिल्या बेसच्या मागेच."

पुरुषोत्तमरावांचा चेहरा उतरला. "पार्किंग..." त्यांनी सुरुवात केली.

"पार्किंगही बुक केलंय," राजीव म्हणाला. मग काय, निघावंच लागलं! त्यांनी मला खिशात घातलं आणि एका कानात घालायचा माझा जुना इअरफोन बरोबर घेतला.

दारावरच्या गार्डने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "सर, माझ्या आजोबांकडे अस्साच होता," असं म्हणून त्याने मला दोन्ही हातांनी परत दिलं. मला फार बरं वाटलं. आमचे पुरुषोत्तमराव मात्र पायऱ्या उतरताना पायाने चाचपत होते. राजीवला वाटलं, गुडघे दुखतायत.

सामना सुरू झाला. थोड्या वेळात सगळे ओरडले, तसे पुरुषोत्तमरावही हात वर करून ओरडले, "होम रन!" म्हणजे आपला षटकार.

"बाबा, फाउल होता, रेषेबाहेर गेलेला," राजीव म्हणाला. "त्या बाईंनी टोपीत झेलला म्हणून लोक ओरडले."

झालं! पुरुषोत्तमराव चपापले. त्यानंतर त्यांनी ठरवलं की मी सांगेपर्यंत टाळी वाजवायची नाही. आणि इथेच घोटाळा झाला. पूर्वी मैदानात बॅटला चेंडू लागला की त्याच क्षणी मी बोलायचो. हल्ली मैदानातला आवाज कुठल्या कुठल्या कम्प्युटरमधून फिरून माझ्यापर्यंत येतो. त्यात सात सेकंद जातात. घरी हे कोणाच्या लक्षात येत नाही. मैदानात मात्र सगळे उठून ओरडायचे, टाळ्या वाजवायचे, बसायचे, आणि मग आमचे पुरुषोत्तमराव एकटेच म्हणायचे, "वा! शाब्बास! काय मारलाय!"

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा सई खो खो हसली. "आबा, यू आर ऑल्वेज लेट!"

राजीव हसला. शोभाताई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच पुरुषोत्तमरावांच्या कानातला इअरफोन काढला आणि आपल्या कानात घातला. समोर एका खेळाडूने चेंडू मारला, तो धावला, पोहोचला, लोक ओरडून खाली बसले. मग मी ते सांगितलं. मला जीभ असती तर त्या वेळी चावली असती! दोन वर्षं राखलेलं गुपित माझ्याच तोंडून फुटलं.

शोभाताईंनी इअरफोन मांडीवर ठेवला. "अहो," त्या म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर काय आहे?"

"आता हे काय मधेच?"

"सांगा ना. सईने दिलंय."

पुरुषोत्तमराव वळले. मैदानाचे दिवे लागले होते, त्यांच्या झगमगाटात त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सकाळी पूजा होती, बायको नटली असणार, असा त्यांनी अंदाज बांधला.

"गजरा," ते म्हणाले.

शोभाताईंच्या डोक्यावर आमच्या संघाची टोपी होती. निळी, पुढे मोठी झापड असलेली. राजीवचं हसू मावळलं. सई आजीकडे बघायला लागली. शोभाताईंनी टोपी काढली आणि पुरुषोत्तमरावांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली आणि मान खाली घातली.

"केव्हापासून?" शोभाताईंनी विचारलं.

"दोन वर्षं होतील. अण्णांसारखंच होणार माझं, शोभा. मला त्या बेसमेंटमध्ये नेऊ नका गं."

राजीवचे डोळे भरून आले. "बाबा, बेसमेंट काय... मी तुम्हाला ओझं म्हणून बोलवत होतो का? आधी दाखवू तर या. पुढचं तुम्ही म्हणाल तसं. प्रॉमिस."

आठवड्याच्या आत डॉक्टरकडे नेलं. मी त्यांच्या खिशात होतो. खिशातल्या खिशात ते माझ्यावरचा तांदळाचा दाणा अंगठ्याने सारखा चोळत होते. डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं, डोळ्यांचा दाब मोजला, फोटो काढले. मग खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या की मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काचबिंदूचं नावनिशाण नाही. ऑपरेशन केलं की दिसेल.

मग शोभाताई हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. "मोतीबिंदू! अहो, आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांचं हे ऑपरेशन झालंय! आणि तुम्ही दोन वर्षं पार्किंगच्या नावाने बोटं मोडत बसलात!" पुरुषोत्तमरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की मी खिशात हललो. त्या श्वासाने माझ्याही छातीवरचा दगड उतरला.

हिवाळ्याआधी दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला उचललं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "अरे, काय रे तुझी ही दशा!" मग त्यांनी मऊ फडक्याने माझी जाळी पुसली. शोभाताई तो दाणा खरवडायला निघाल्या, तर म्हणाले, "राहू दे. मला वाट दाखवलीय त्याने." राजीवने घर विकण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट आता तोच सुट्टीला सईला घेऊन इकडे येतो, आणि खालच्या तळघरात झोपतो.

या एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्याला आम्ही तिघं गेलो. गाडी पुरुषोत्तमरावांनी चालवली. पार्किंग शोधता शोधता त्यांनी तीन चकरा मारल्या आणि म्हणाले, "बघ, पार्किंगची बोंब आहे ती आहेच!" मग आम्ही आत गेलो आणि ते पायरीवरच थांबले. मैदान हिरवंगार होतं. पलीकडे, नव्या इमारतींच्या मधून, त्यांच्या जुन्या कारखान्याची विटांची भिंत दिसत होती. "अगं, ती आहे अजून! त्या खिडकीपाशी मी डबा खायचो," ते म्हणाले. बराच वेळ ते बघतच राहिले. मग त्यांनी आपलं मत दिलं. बाकं छान आहेत, प्रेक्षकांपुढची जाळी उगाच एवढी उंच घातलीय, त्या आजी म्हणतात ते आइस्क्रीम खाऊन बघायला हवं, आणि जुन्या भाडेकरूंचं झालं ते वाईटच झालं. मला विचाराल तर हे पहिलं मत, जे त्यांनी माझ्याकडून उसनं घेतलं नव्हतं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, हे तर मी म्हणणारच, माझा त्यात स्वार्थ आहे. पण घरातलं म्हातारं माणूस एकाएकी 'गर्दी असते', 'पार्किंग मिळत नाही', 'आता पूर्वीसारखी मजा नाही' असं म्हणून घरी बसायला लागलं, तर ते कारण लगेच खरं मानू नका. जवळ बसा. विचारा. आणि स्वतःला कसली भीती वाटत असेल, तर ती एकट्याने उशाशी घेऊन झोपू नका.

हं, शेवट राहिलाच. त्या एप्रिलच्या सामन्यात आठव्या डावात आमच्या खेळाडूने बॅट फिरवली. खट्ट! चेंडू उंच उडाला. अख्खं मैदान अजून बसलेलं होतं, आणि एक्याऐंशी वर्षांचे पुरुषोत्तमराव सगळ्यांच्या आधी उठून उभे राहिले, चेंडूकडे बोट दाखवत. "गेला! गेला बघ, शोभा! भिंतीपार गेला!" शोभाताई चेंडूकडे बघतच नव्हत्या. त्या त्यांच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

सात सेकंदांनी मीही सांगितलं, होम रन. कोणी ऐकलं नाही. इअरफोन केव्हाच खाली पडला होता.