मापाबाहेरचे थेंब

मित्रांनो, मी चोच असलेले एक जुने, छोटेसे चांदीचे भांडे आहे. मला बोंडले म्हणतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. तळहातात मावेल एवढे माझे अंग आणि एका बाजूला पाखराच्या चोचीसारखी अरुंद पन्हळ. तान्ह्या मुलाला मांडीवर आडवे घ्यायचे, ही चोच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात टेकवायची आणि दूध, पाणी, गुटी हळूहळू आत सोडायची, एवढेच माझे काम.

डहाणूच्या एका सोनाराने मला घडवले. बोर्डीच्या अहिल्याबाई समोर बसून होत्या. त्यांचा पहिला मुलगा, एकनाथ, नुकताच जन्मला होता. सोनाराने माझ्या चोचीची कड स्वतःच्या ओठांवरून फिरवून पाहिली आणि पुन्हा कानस हातात घेतली.

"अहो, किती वेळ? गाडी जाईल माझी," अहिल्याबाई म्हणाल्या.

"जाऊ दे, बाई. ही कड दुधाच्या ओठाला लागायची आहे. तुमच्या घाईला लागायची नाही."

त्या दिवसापासून मी अहिल्याबाईंचा झालो. एकनाथ माझ्यातून प्याला, त्याच्या पाठची भावंडे प्याली, शेजारणींची मुलेही प्याली. मूल रडले की लोक म्हणत, "अहिल्याबाईंना बोलवा, आणि त्यांना म्हणावं बोंडलं घेऊन या." त्यांच्या मांडीवर गेलेले मूल कधी ठसकले नाही, याचा मला फार अभिमान होता.

मुले मोठी झाली तसा मी देवघराच्या फळीवर पडून राहिलो आणि काळा पडलो. देश स्वतंत्र झाला. एकनाथ मास्तर झाला आणि त्याची नेमणूक उधव्याच्या शाळेत झाली. पुढे त्याचे लग्न झाले. प्रभा सून म्हणून आली आणि मग एका आषाढात जयमाला जन्मली. अहिल्याबाईंनी मला चिंचेने घासले, पदराने पुसले आणि बोर्डीहून उधव्याला आणले. मी पुन्हा कामाला लागलो.

गुटी देण्याची अहिल्याबाईंची एक ठरलेली रीत होती. सहाणेवर दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि हळकुंड, मायफळ, वेखंड, मुरुडशेंग, खारीक, बदाम एकेक करून उगाळायचे. प्रत्येकाचे वेढे मोजून. बाळाला महिना भरला की प्रत्येक मुळीचा एक वेढा वाढवायचा. "बाळ वाढलं, वेढा वाढला," असे त्या म्हणायच्या आणि त्यात कधी चूक व्हायची नाही.

दुसरीही एक रीत होती. बाळाला वारा लागू द्यायचा नाही आणि कुणाच्या दृष्टीस पडू द्यायचे नाही. जयाला टोपडे, अंगडे, वर दुपटे घालून आतल्या काळोख्या खोलीत ठेवले होते. पावसाळा सरला, थंडी आली, थंडीत तर दार आणखीच घट्ट लागले. वर्ष उलटले, दुसरा पावसाळाही सरला, तरी जया बसली की कलंडायची. कपाळ पुढे आलेले, मनगटे जाड, पाय धनुष्यासारखे बाकलेले. मांडीवर घेतले की तिच्या डोक्याला सारखा घाम येई.

एकनाथने तिला डहाणूला वासुदेव डॉक्टरांकडे नेले. आम्ही सगळेच गेलो.

"मुडदूस आहे," डॉक्टर म्हणाले. "हिला ऊन मिळालेलं नाही. उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, हाडं त्याच्यावर घट्ट होतात. रोज सकाळी कोवळ्या उन्हात उघडी ठेवा. आणि हे औषध. तेलातलं आहे, फार तेज. दिवसातून एकदा पाच थेंब. महिन्याने आणून दाखवा."

"उघडी? उन्हात?" अहिल्याबाईंनी विचारले.

"हो, आजी. तुम्ही पापड घालता ना, तशी."

एकनाथ हसला. अहिल्याबाईंना हसू आले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जयाला अंगणात खाटेवर निजवले. औषधाचे थेंब त्या काचेच्या नळीने मोजून माझ्या तळाशी सोडत, वर थोडे दूध घालत आणि जयाला पाजत. माशासारखा उग्र वास होता त्या तेलाला.

मित्रांनो, त्या औषधाने खरोखर गुण आला. जयाचा घाम थांबला. दात दिसू लागले. ती बसू लागली आणि एके दिवशी खाटेचा पाय धरून उभी राहिली. प्रभा चुलीपासून धावत आली. पाणी भरायला येणारी रूपी हातातला हंडा तसाच धरून बघत राहिली.

"अगं बाय! उभी राहली की!" रूपी म्हणाली.

"औषधाचा गुण," अहिल्याबाई म्हणाल्या आणि मला वर धरून दाखवले.

त्या दिवशी माझी फार वाहवा झाली. आणि त्या आनंदातच पुढची गोष्ट घडली. जयाचा महिना भरला. अहिल्याबाईंनी गुटीचा वेढा वाढवला, आणि सवयीने, मनात काहीही वाईट नसताना, औषधाचे थेंबही वाढवले. बाळ वाढले, वेढा वाढला. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढवले.

डॉक्टरांना दाखवायचे राहून गेले. पोर खेळते आहे, मग कशाला एवढे लांब जा, असे घरात सगळ्यांनाच वाटले. एकनाथ कामासाठी डहाणूला गेला की दुकानातून नवी बाटली घेऊन येई. मग तेलाने त्या नळीचे रबर फुगून निकामी झाले. "अडतंय काय?" अहिल्याबाई म्हणाल्या, "माझं बोंडलं आहे की." त्या बाटली वाकडी करून माझा तळ झाकेल इतके तेल ओतू लागल्या. पुढे चोचीच्या तोंडापर्यंत.

मला ते तेल आत साचताना कळत होते. पण चोच असून मला बोलता येत नव्हते.

पुढचा पावसाळा आला आणि जया बदलली. आधी तिने भात सोडला. मग दूध उलटू लागली. तिला सारखी तहान लागे आणि दुपटी सारखी ओली होत. पोट मात्र साफ होईना, दगडासारखे घट्ट. उभी राहणारी पोर पुन्हा आडवी झाली, मान टाकू लागली, कुणी हात लावला तरी कण्हू लागली.

"बाय, नजर झाली पोरीला," रूपी म्हणाली. "आमच्या पाड्यावं भगत हाय, त्याला दाखवा."

"आमचं डॉक्टरचं औषध चालू आहे, रूपी. तुझा भगत तुझ्याकडे ठेव."

"डॉक्टरचं तं डॉक्टरचं. पन पोर तं सुकली ना!"

अहिल्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्या दिवशी बाटली आणखी वाकडी केली.

प्रभा दारात उभी होती. "आई, रागावू नका. चार दिवस औषध बंद ठेवून बघूया का? ती औषध घेतल्यावरच उलटते, असं मला वाटतं."

"तुला वाटतं! याच औषधाने उभी राहिली ती. आता पडली म्हणजे औषध कमी पडतंय. मी पाच पोरं वाढवली आहेत, प्रभा."

मी अहिल्याबाईंच्या हातात होतो, काठोकाठ भरलेला. जयाने ओठ घट्ट मिटले होते. अहिल्याबाईंनी तिचे गाल हलकेच दाबले, माझी चोच आत गेली आणि ते सगळे तेल तिच्या पोटात गेले. अहिल्याबाई तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या वेळी आपण सोनाराच्या भट्टीत वितळून जावे, असे मला वाटले.

दोन दिवसांनी जयाने डोळे उघडणेही सोडले. एकनाथ शाळेतून धावत आला. रूपीचा नवरा शुक्रा याने भर पावसात बैल जुंपले. अहिल्याबाईंनी बोचक्यात दुपटी घेतली, मला घेतले आणि औषधाची बाटलीही घेतली.

चिखलात चाक रुतत होते. शुक्रा खाली उतरून खांदा लावत होता. ओढ्याला कमरेएवढे पाणी होते. "मास्तर, पोरीला वर धरा!" तो ओरडला आणि बैलांच्या शेपट्या पिळल्या. तलासरीला पोचलो तेव्हा मोटार यायची होती. सगळे एका पत्र्याखाली उभे राहिले.

अहिल्याबाईंनी बोचके सोडले.

"काय करता, आई?" प्रभाने विचारले.

"आजचं औषध राहिलंय. डॉक्टर विचारतील ना, चुकवलं का म्हणून."

बाटलीचे बूच निघाले. तेल माझ्या तळाशी पडू लागले. जयाचा चेहरा पांढराफटक होता. एवढे आत गेले असते तर पुढे काय झाले असते, मला सांगता येत नाही. इतक्यात वळणावर मोटारीचा भोंगा वाजला, एकनाथ "चला, चला" म्हणून ओरडला आणि गडबडीत माझ्यातले तेल चिखलात सांडले. चिखलावर पसरणारा तो पिवळा तवंग पाहून मला जेवढे हायसे वाटले, तेवढे आयुष्यात कधी वाटले नाही.

डहाणूला पोचताच डॉक्टरांनी जयाला टेबलावर निजवले. पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरून पाहिली.

"ते थेंब किती दिवस दिलेत?"

"अजून देतोय," एकनाथ म्हणाला.

डॉक्टरांचा हात थांबला. "अजून? किती देता?"

"आई देते. मला नक्की..."

"मी दाखवते ना," अहिल्याबाई पुढे झाल्या. औषधात कधी खाडा पडला नाही, हे त्यांना सांगायचेच होते. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि रोजच्यासारखे तेल ओतले. तळ झाकला, तेल वर चढले, चोचीच्या तोंडाशी आले, तरी त्या ओततच होत्या.

डॉक्टरांनी त्यांचे मनगट धरले.

"आजी, ही गुटी नाही," ते म्हणाले. "मुळी उगाळून जे येतं ते नखाएवढं असतं, वेढा वाढला तरी बिघडत नाही. हे जीवनसत्त्व तसं नाही. पाण्यासारखं बाहेर जात नाही, अंगात साठत राहतं. हाडांना हवं तेवढं झालं की उरलेलं रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, वाढवतं. मूत्रपिंडावर जातं."

"म्हणजे... मी..."

"कधी थांबवायचं ते मीही ठासून सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले आणि वळले. "औषध बंद. दूध बंद. ऊनसुद्धा बंद. पाणी, फक्त पाणी. याच्यावर उतारा नाही, मास्तर. अंगातलं हळूहळू उतरायची वाट बघायची."

जयाला दवाखान्यातच ठेवले. अहिल्याबाई खाटेपाशी गेल्या तेव्हा प्रभा मध्ये उभी राहिली. आवाज चढवणे तिला माहीत नव्हते. ती हळूच म्हणाली, "तिला हात लावू नका."

अहिल्याबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. जेवल्याही नाहीत. मला त्यांनी बोचक्याच्या तळाशी खुपसून टाकले होते.

आत जयाच्या हाताला सलाईन लावले होते. पण शिरा इतक्या बारीक झाल्या होत्या की सुई टिकेना. हात सुजला आणि सुई काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "आता तोंडानेच पाणी गेलं पाहिजे. आज गेलं नाही तर कठीण आहे." परिचारिकेने चमच्याने पाजून पाहिले. प्रभाने वाटीने पाहिले. जया मान फिरवी आणि पाणी गळ्यावरून ओघळे. अनोळखी हात, अनोळखी चमचा आणि एवढे दिवस तोंडात गेलेले ते उग्र तेल. ती ओठ उघडीना.

दुपार टळली. प्रभा बाहेर आली आणि ओट्याजवळ उभी राहिली.

"आई, आत या. तुमच्या हातून पिईल ती."

अहिल्याबाईंनी वर पाहिले. "माझ्या हातून?"

"हो. बोंडलं घ्या."

अहिल्याबाईंनी मला बाहेर काढले. दवाखान्याच्या चुलीतली राख घेतली, मला घासले, गरम पाण्याने धुतले. नाकाशी धरून वास घेतला आणि पुन्हा घासले. बोटे भाजत होती तरी थांबल्या नाहीत. मग माझ्यात उकळून गार केलेले पाणी घेऊन त्या आधी स्वतः प्याल्या. मग खाटेवर बसल्या, जयाला मांडीवर घेतले आणि माझी चोच हातात धरून तशाच थांबल्या.

"किती देऊ, प्रभा?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारल्याचे मी ऐकले नव्हते.

"मागेल तेवढं द्या, आई. पाणी आहे," प्रभा म्हणाली आणि तिने सासूच्या हाताखाली आपला हात धरला.

अहिल्याबाईंनी जिभेने टक् टक् केले, जसे त्या नेहमी करत. जयाचे ओठ हलले. मी एक थेंब सोडला. तो आत गेला. दुसरा गेला. मग तिच्या घशाची हालचाल मला चोचीपर्यंत जाणवली. ती पीत होती.

बरे व्हायला पुष्कळ आठवडे लागले. एखादा दिवस चांगला जाई, दुसरा वाईट. पण उलट्या थांबल्या, पोट मऊ झाले आणि एका सकाळी तिने एकनाथच्या हातातल्या भाकरीकडे बोट दाखवले.

आता जया शाळेत जाते. हल्लीच्या मुलांना बाटलीने दूध पाजतात, त्यामुळे मी पुन्हा फळीवर काळा पडत चाललो आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, मी तर नुसते भांडे आहे, कुणी जे ओतेल ते पुढे देतो. औषध चांगले होते. पाजणारा हातही मायेचा होता. फक्त किती द्यायचे आणि कधी थांबायचे, हे विचारायचे राहिले होते. तुमच्या घरी औषधाची बाटली आली की आजीला, आईला, डॉक्टरांना हे आधी विचारा. पुन्हा पुन्हा विचारायला लाजू नका. आणि कुणाच्या हातून अशी चूक झालीच, तर औषधाची बाटली दूर ठेवा, पण त्या माणसाला ओट्यावर एकटे बसू देऊ नका.