मागच्या बाकांचं म्हणणं

सातवीच्या मागच्या तीन बाकांवरची मुलं गणिताच्या तासाला काही केल्या गप्प बसत नसत. मुख्याध्यापकांनी हुकूम काढला, त्या नऊ जणांना आठवडाभर वर्गाबाहेर उभं करा. गणिताच्या बाई याच वर्गाच्या वर्गशिक्षिका, अकरा वर्षं असले हुकूम पाळत आल्या होत्या. ओरडून घसा बसला, फरक मात्र शून्य. या वेळी त्यांनी हुकूम बाजूला ठेवला आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"मला शिकवायचंय आणि तुम्ही बोलता," त्या म्हणाल्या. "तुमची अडचण काय आहे?"

बाईंचा हा नवा डाव असणार, असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी मुंगी बोलली. अंगाने लहानखुरी म्हणून मुंगी, जीभ मात्र चांगली लांब. तिने सांगितलं की बाईंचं बोलणं इथवर पोचतच नाही, म्हणून सगळे एकमेकांना विचारत बसतात. तेवढ्यात खिडकीपलीकडच्या ग्रिलच्या कारखान्यात लोखंड कापायचं मशीन सुरू झालं. फळ्यापाशी त्याचा निम्माही आवाज येत नसे. बाई कानकोंड्या झाल्या.

मग अख्खा वर्ग कामाला लागला. खिडक्या लावल्या तर जीव गुदमरणार. जागा आळीपाळीने बदलल्या तर त्रास नुसता वाटून घेतल्यासारखं. कारखानेवाल्या काकांशी बोलायचं ठरलं. मधल्या सुट्टीत बाई मुंगीला आणि आणखी दोघांना घेऊन गेल्या. काका आधी खेकसलेच, माझं पोट आहे त्यावर. मुंगीने त्यांचीही अडचण विचारून घेतली. माल संध्याकाळपर्यंत द्यावा लागतो, एवढंच होतं. गणिताच्या तासाला रंगकाम आणि कापाकापी नंतर, यावर काका राजी झाले.

चार दिवस मागची बाकं गणितं सोडवत होती. पाचव्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले. परस्पर बाहेर जाऊन शाळेची शोभा केलीत, म्हणाले. बाईंनी माफीपत्र द्यावं आणि नऊ जणांनी आत्ता बाहेर व्हावं.

मुंगी उभी राहिली. "सर, ऐकू येत नव्हतं म्हणून बोलत होतो. आता येतंय. मग शिक्षा कशाची?"

"उलट उत्तर देतेस?"

"नाही सर, सरळच देतेय."

नऊ जण बाहेर गेले. त्यांच्यामागे पुढची बाकंही उठली, एकेक करत सगळा वर्ग रिकामा झाला. बाईंनी खडू आणि पुस्तक उचललं आणि व्हरांड्यात जाऊन राहिलेलं उदाहरण पुरं केलं. दुसऱ्या दिवशीही तास व्हरांड्यातच झाला. तिसऱ्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला, मुलांना आत बसवा.

माफीपत्र काही बाईंनी दिलं नाही. त्यांचं वर्गशिक्षकपद काढून घेतलं आणि शिस्तभंगाचा शेरा लिहिलेला कागद सहीसाठी पुढे आला. बाईंनी तो शांतपणे वाचला, सही केली आणि सहीच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मान्य नाही.'