नरम माल

त्याला आम्ही सगळे अंगठेबहाद्दर म्हणतो. तोंडावर नाही, पाठीमागे. तसा शिकलेला आहे, बोलतो तर असा गोड की ऐकत राहावं. पण आमचं आठ महिन्यांचं नशीब त्याच्या अंगठ्याखाली. आमचे मासे विकत घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस ना तो! माशाच्या पोटावर अंगठा दाबायचा. खळगा लगेच भरून आला तर माल पहिल्या प्रतीचा. नाही भरला तर ‘नरम’. नरम माल म्हणे कोंबड्यांच्या खाद्याला जातो, आणि भाव निम्म्याच्याही खाली.

हे चार वर्षं परगावी नोकरीला होते. लेकीला बाप फोनमधूनच ठाऊक. मासे पाळायला तळं घेतलं, हे परत आले, आणि आमचं ठरलं: या वेळचा माल पहिल्या प्रतीत गेला की परगाव कायमचं बंद. लेक तर वर्गात सांगून आली होती, माझे बाबा आता घरीच राहणार.

“गाडी सहाला येते, वहिनी. सहा म्हणजे सहा,” त्यानं फोनवर सांगितलं. आम्ही मूर्ख, पहाटे चारलाच जाळं ओढलं. बावीस क्रेट भरले. मासा एकदा बाहेर काढला की परत तळ्यात सोडता येत नाही, आणि बर्फ तर गाडीतूनच येतो. सहा वाजले, आठ वाजले. ओली पोती टाक, पाणी मार, झाडाच्या सावलीत क्रेट सरकव. कमरेचा काटा ढिला झाला. गाडी आली पावणेबाराला!

अंगठेबहाद्दर उतरला, घाम पुसला, तीन क्रेटमधले तीन मासे दाबले. “नरम.”

“आणखी बघा की,” मी म्हटलं. “बावीस क्रेट आहेत.”

“वहिनी, हाताला कळतं.”

“आणि घड्याळ कळत नाही का हाताला? सहाला येणार होतात!”

“रस्त्यात चाक बसलं. आता त्याला मी काय करणार?”

“मग चाकाला नरम म्हणा! माझ्या माशाला का?”

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. यांनी माझा हात धरला. “जाऊ दे गं. माल आत्ता दिला नाही तर संध्याकाळपर्यंत खाद्यवालेसुद्धा घेणार नाहीत.” खरंच होतं ते, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला. यांनी सही केली. बावीसच्या बावीस क्रेट नरम. तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार कुणाला?

सोमवारी यांनी बॅग भरली. लेक दाराआड जाऊन बसली, निरोप द्यायलाही बाहेर आली नाही. काम मिळालं तेही बघा कुठे: त्याच कंपनीच्या शीतगृहात, पॅकिंगला.

पाचव्या दिवशी फोन आला. आवाज अगदी खाली.

“ऐकतेस का? शेजारच्या तळ्याचा माल आला आज. काकांचा.”

“काकांचाही नरम ठरवला मेल्यानं. रडत होते बिचारे परवा.”

“हो. क्रेटसोबतच्या पावतीवर नरमच लिहिलंय. पण तो खाद्याला गेला नाही. आमच्याकडे आला. मी दाबून पाहिला गं, चांगला कडक आहे. धुतला, पाकिटात भरला, आणि वर लेबल लावलं. ‘पहिली प्रत’. दिवसभर माझ्याच हातानं लावली.”

मी सुटले ते सुटले. आठ महिने खाणं आम्ही टाकायचं, रात्री चोर येतात म्हणून बांधावर आम्ही झोपायचं, आणि मासा शहाणा होतो तो कंपनीच्या दारात गेल्यावर? माझ्या अंगणात नरम, तिकडे पहिली प्रत? माझ्या लेकीचा बाप पळवला त्या कंपनीनं, तोही एका अंगठ्यानं!

“हळू बोल, बाजूला माणसं आहेत,” हे म्हणाले.

“असू देत! पावती आणि लेबल, दोन्हींचे फोटो काढा. मी गावातल्या अकराही तळ्यांवर जाते, एकेकाला दाखवते. पुढच्या खेपेला त्याच्या अंगठ्याखाली एक मासा गेला तर माझं नाव बदला.”

“नोकरी जाईल माझी.”

“जाऊ दे! घरी या.”

जन्मात कुणाला उलट न बोललेला माणूस तो. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

“फोटोवर लोक विश्वास ठेवणार नाहीत,” हे म्हणाले. “पाकिटंच घेऊन येतो. अकरा पुरतील ना?”