दलदलवाले पुस्तकातून गेले

आमच्या घरात लढाई आणली ती आमच्या चिरंजीवांनी. श्रेयस पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला आईसाठी साडी आणायची सोडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चिमुकल्या राक्षसांचा डबा घेऊन आला. मी म्हटलं, घोडा झाला तरी बाहुल्या खेळतोय.

पण त्या बाहुल्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्याच वर्षी आमच्या इथलं सरकारी कापूस खरेदी केंद्र बंद झालं होतं. आमचे हे, म्हणजे मधुसूदन, तिथे ग्रेडर. शेतकऱ्याच्या गाडीतल्या कापसात हात घालायचा आणि प्रत ठरवायची. केंद्र गेलं, ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी येऊन बसले ते बसलेच. दाढी करेनात. मी शाळेतून शिकवून परत यायची तर पेपरचं सकाळचंच पान उघडं, सकाळचाच पायजामा. घरात बायकोशी बोलायचं असतं हेही विसरले होते. मला ह्यांची भीती नाही, ह्यांच्याबद्दल भीती वाटायला लागली होती.

श्रेयसने दिवाणावर प्लायवूड टाकलं, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलचे डोंगर केले आणि बापाला खेळ शिकवला. दोन बाजूंनी सैन्य मांडायचं, टेपने मोजून पुढे सरकवायचं, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं, सेनापती मेला की डाव हरला. भुतं, बुटके, पंखवाले अजगर, ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यायचं. ह्यांनी काय घ्यावं? पुस्तकाच्या मागच्या पानांतले दलदलीत राहणारे भालाईत. कोणी न घेणारे, चिखलाच्या रंगाचे, हातात नुसता भाला.

विकतचे सैनिक महाग, म्हणून हे तारेवर एम-सील चढवून स्वतःच करायला लागले. भाल्यांसाठी माझ्या खराट्याच्या काड्या गेल्या. मी आरडाओरडा केला, पण मनात म्हटलं, अख्खा खराटा घ्या.

श्रेयस परत गेला, पण शेजारचा क्षितिज, ज्याचं मेडिकल स्टोअर आहे, आणि जवळच्या खेड्यातल्या बबनराव शेतकऱ्यांचा मुलगा रजत, असे दोघे दर रविवारी खेळायला येऊ लागले. पोरांनी सुरुवातीला दलदलवाल्यांची खूप थट्टा केली. मग हरायला लागले. नियम असा होता की रांगेमागे रांग उभी असेल तर पुढचा घाबरत नाही, पळत नाही. अजगर येवो नाहीतर कोणी येवो, भालाईत आपली फळी धरून उभे. ह्यांची रविवारी सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट. एकदा हे गुणगुणताना ऐकू आले आणि माझी पोळी करपली.

गेल्या उन्हाळ्यात श्रेयसने मोठ्या कौतुकाने खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती आणली. चकचकीत, चौपट चित्रं. ह्यांनी आधी शेवटची पानं उघडली. मग पुढून बघितलं. दुपारभर बघत होते.

"दलदलवाले कुठे गेले रे?"

"कंपनीने बंद केले, बाबा. खपत नव्हते. तुम्ही त्यांना साधं पायदळ समजून खेळा ना."

"आणि रांगांचं काय?"

"रांगा मोजतच नाहीत आता. सगळं नायकावर असतं."

"पण नियमात खोट काय होती?"

"खोट काहीच नव्हती. नवीन पुस्तक विकावं लागतं त्यांना."

पोरगं खोटं बोललं नाही, त्यात त्याचा दोष नाही. पण सातासमुद्रापलीकडे बसून कोणीतरी टाय लावलेल्या माणसाने आमच्या दिवाणावरची माणसं एका फटक्यात रद्द केली, याचा मला असा संताप आला की त्या रात्रीच्या वरणात मीठ दोनदा पडलं.

पुढच्या रविवारी क्षितिजचा अजगर आला आणि माझा चहा उकळायच्या आत फळी संपली. क्षितिज खुशीत होता. "काका, आता रांगा लावून काही फायदा नाही." हे डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचत राहिले, हरत राहिले. मग एका रविवारी दाढी न करताच बसले. मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर क्षितिजच्या दुकानात गेले. रजतही तिथेच होता.

"काकांशी जुन्याच नियमांनी खेळा," मी म्हटलं. "आणि जरा सांभाळून घ्या. मी बोलले म्हणून सांगू नका."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "काकू, तुमी कायले टेन्शन घेता?" रजत म्हणाला. "आमी पाहून घेतो ना."

रविवारी आल्याबरोबर रजत म्हणाला, "काका, नव्या नियमानं बोर झालं. जुनंच बरं होतं." ह्यांचा चेहरा असा उजळला की मी आत जाऊन कांद्याची भजी काढली. हे जिंकले. पुढच्या रविवारीही जिंकले. मी देवापुढे हात जोडले, स्वतःच्या अकलेलाही जोडले.

तिसऱ्या खेपेला मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा रजतचे घोडेस्वार थर्माकोलच्या डोंगरामागून निघून ह्यांच्या फळीच्या थेट पाठीशी पोचले होते. मला खेळातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही दिसत होतं. रजतने टेप लावला आणि घोडेस्वार दुसरीकडे वळवले.

"रजत, माझी पाठ उघडी आहे," हे म्हणाले.

"हो का, काका? ध्यानातच नाही आलं."

"तुझ्या ध्यानात नाही आलं?"

रजत फाशांकडे बघायला लागला. ह्यांनी आपला सेनापती उचलला, फळीतून काढला आणि नेऊन एकटा अजगरापुढे ठेवला.

"काका, हे काहून करून राह्यले?" क्षितिजने विचारलं.

"फासे टाक."

त्याने टाकले. सेनापती मेला.

"संपलं. चहा घ्या."

पोरं चहा अर्धा टाकून गेली. हे एकेक सैनिक डब्यात भरत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "केंद्र बंद झालं तेव्हा मले यवतमाळच्या ऑफिसात खुर्ची देत होते. काम काही नाही. रोज सही करायची अन् बसायचं. नको म्हणून आलो."

हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, स्वेच्छानिवृत्ती नावापुरती, ह्यांना काढलंच.

"मी तुमच्या भल्यासाठी..." मी म्हटलं.

"तेही भल्यासाठीच देत होते." डब्याचं झाकण लावलं. "रविवारी येऊ नका म्हणावं पोरांना. तूच सांग. तुले सांगता येतं."

मी सांगितलं. क्षितिज औषधाच्या पुड्या बांधता बांधता थांबला. "बरं काकू," म्हणाला. मग पुन्हा पुडी बांधत, "मग आमी रजतकडेच मांडत जाऊ, नव्या नियमानं." त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद इतका उघड होता की मला त्याच्यावर रागावताही येईना.

घरी आले तर हे विचारायला थांबलेच होते.

"काय म्हणाला?"

"फार वाईट वाटलं त्याला."

"रजनी, निदान तू तरी माझ्याशी खरं खेळत जा."

"सुटल्यासारखं वाटलं त्याला," मी म्हटलं.

"हं. वाटणारच," हे म्हणाले, आणि माझ्यासमोर मेथी निवडायला बसले.